खेळातून मँडरिन: लहान मुलांना टोन शिकवायचे तरी कसे?

शंकासूर
४ ते ६ वयाची सहा मुलं, आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास. घरात मराठी, कानावर थोडं इंग्रजी, मँडरिनचा (म्हणजे प्रमाण चिनी भाषेचा) गंध नाही. शिकवणाऱ्याला भाषा बऱ्यापैकी येते, पण इतक्या लहान मुलांना शिकवायची सवय नाही, असं धरून चला. प्रश्न दोनच:
१) टोन (आवाजाचे चढउतार, ज्यांनी शब्दाचा अर्थच बदलतो) आधी वेगळे घोटून घ्यायचे, की शब्दांबरोबर येतील तसे येऊ द्यायचे?
२) पिनयिन (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) कधी सुरू करायचं?
'चित्रांची कार्डं वापरा, गाणी म्हणा' एवढ्यावर थांबू नका ही विनंती. कुठला खेळ का चालतो आणि नेमका कुठे फसतो ते हवंय.
लिहायची सोय म्हणून टोनचा आकडा अक्षरापुढे देऊ या: मा१, मा२, मा३, मा४. आकडा नसेल तर हलका टोन.

भिंगरी
वेगळे घोटून घेऊ नका. सगळीकडे सापडणारी ती मा-मा-मा-मा कसरत लहानांसाठी कुचकामी आहे. आई, ताग, घोडा, रागावणं. यातला ताग मुलाने कधी पाहिलेला नसतो आणि 'रागावणं' हातात धरता येत नाही.
त्याऐवजी माओ१ म्हणजे मांजर, माओ२ म्हणजे लोकर, माओ४ म्हणजे टोपी (बोलताना माओ४-त्स). तिन्ही वस्तू खऱ्या ठेवा: खेळण्यातलं मांजर, लोकरीचा गुंडा, टोपी. मुलांपासून दोन-तीन मीटरवर, एकमेकींपासून हातभर अंतरावर. तुम्ही शब्द म्हणायचा, मुलाने पळत जाऊन वस्तू आणायची. पहिली दोन सत्रं मुलाकडून एकही शब्द वदवून घ्यायचा नाही. ऐकणं पक्कं झालं की तोंड आपोआप उघडतं.

उनाड_अनुस्वार
मांजराला 'माओ' म्हणतात हे मुलांना शिकवावं लागत नाही, मांजर स्वतःच सांगतं :)

गोगलगाय
भिंगरी, वस्तूंची निवड पटली, पण तिन्ही एकदम नको. नव्या शब्दाला अजून मुळं फुटली नसताना शेजारी त्याचाच जुळा भाऊ आणून बसवला की दोन्हींची सरमिसळ होते आणि ती पुढे महिनोन्‌महिने निस्तरत बसावी लागते. आज फक्त मांजर, इतर निराळ्या आवाजांच्या शब्दांबरोबर. तीन-चार सत्रांनी टोपी. दोन्ही सुटेसुटे पक्के झाले की मग समोरासमोर. लोकर सगळ्यात शेवटी, कारण दुसरा टोन आणि तिसरा टोन हीच जोडी कानाला सगळ्यात जास्त फसवते.

भिंगरी
मान्य. 'एकाच दिवशी' असं म्हणायचं नव्हतं, पण लिहिलं तसंच गेलं. क्रम तुमचाच बरोबर.

धडपड्या
या खेळात एक चोरवाट असते, ती आधी बुजवा. मुलं तुमचा आवाज नाही, तुमचे डोळे ऐकतात. 'माओ४-त्स' म्हणताना नजर नकळत टोपीकडे जाते आणि पोरगं बरोब्बर टोपी उचलतं. आपण खूश, टोनचा पत्ता नाही. पाठ करून बोला, किंवा तोंडासमोर कागद धरा. दुसरी चोरवाट म्हणजे क्रम. आपण सवयीने मांजर, टोपी, मांजर, टोपी असंच म्हणत जातो. फासा टाका: सम आला तर मांजर, विषम आला तर टोपी. लागोपाठ तीनदा टोपी आली की कोण खरंच ऐकतंय ते लगेच कळतं.

पाटीवरची_रेघ
हातवारे? पहिल्या टोनला हात सपाट, दुसऱ्याला वर, तिसऱ्याला 'व्ही' आणि चौथ्याला खाली. सगळीकडे हेच दाखवतात.

गोगलगाय
पहिला, दुसरा, चौथा ठीक. तिसऱ्याचा 'व्ही' मात्र गोत्यात आणतो. तो खाली जाऊन वर येणारा पूर्ण आकार शब्द एकटा असताना किंवा वाक्याच्या शेवटी ऐकू येतो. बोलण्याच्या ओघात तिसरा टोन बहुतेक वेळा नुसता खाली असतो, वर येतच नाही. 'व्ही' शिकलेलं मूल प्रत्येक ठिकाणी शेपूट वर उचलतं आणि ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या टोनसारखं लागतं. म्हणून तिसऱ्या टोनला उकिडवं बसायचं आणि बसूनच राहायचं. आवाज घशात, जाडाभरडा. पहिल्याला चवड्यांवर उभं राहून हात डोक्यावर सपाट, चौथ्याला पाय आपटायचा. पाय आपटताना मुलं ओरडतात, त्यांना सांगा की जोर नको, वरून खाली पडणं हवं.
आणि दोन तिसरे टोन शेजारी आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो. नी३ हाओ३ लिहितात, म्हणतात नी२ हाओ३. हा नियम मुलांना सांगायचाच नाही. अख्खं वाक्य एका दमात शिकवायचं.

उलटा_स्वल्पविराम
पिनयिनबद्दल लिहितो, जरा लांबेल.

मराठी मुलाकडे एक घबाड आहे आणि आपण ते रोमन अक्षरांपायी घालवतो. पिनयिनमधला 'बी' हा आपला ब नाहीच, तो प आहे. 'पी' म्हणजे फ, तोही दोन्ही ओठ मिटून काढलेला जुना मराठी फ. तसंच 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. अल्पप्राण आणि महाप्राण हा फरक मराठी मूल बोलायला लागल्यापासून करतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो महिना महिना घासावा लागतो.

पुढे: 'जे' म्हणजे चिमणीतला च, 'क्यू' म्हणजे छत्रीतला छ, 'एक्स' म्हणजे शेतातला श, तोही ओठ फाकवून. 'झेड' म्हणजे चोर, चूल यातला दंत्य च. 'सी' म्हणजे त्याच दंत्य चला ह जोडा. हा मराठीत नाही, तो शिकवावा लागतो. 'झेडएच', 'सीएच', 'एसएच' ही तिन्ही ष उच्चारताना जीभ जिथे वळते तिथली. लिहिताना आपण तिथेही च, छ लिहितो, पण जीभ ट म्हणायच्या तयारीत वळवून.

म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला पिनयिन दाखवूच नये, निदान पहिलं वर्ष. 'क्यू' दिसला की ते क्व म्हणणार, 'सी' दिसला की क. ऐकूनच शिकू दे. खुद्द चीनमध्ये, जिथे पिनयिन १९५८ साली अधिकृत झालं, तिथल्या पहिलीच्या हल्लीच्या पाठ्यपुस्तकात आधी थोडी चिनी अक्षरं येतात आणि मग पिनयिन. अक्षरं आधी, कुबड्या नंतर.

उनाड_अनुस्वार
थोडक्यात 'डी'ने लिहिलेल्या 'दीदी'चा उच्चार ती४-ति, आणि अर्थ धाकटा भाऊ. रक्षाबंधनाला गोंधळ.

शंकासूर
:D आणि मा१-म म्हणजे आई. आपल्याकडे मामा वेगळाच.

उलटा_स्वल्पविराम
हसा, पण नात्यांचा खेळ मराठी मुलांना भलताच जमतो. इंग्रजीत सगळे अंकल आणि आंटी. मँडरिनमध्ये मामा च्यौ४-च्यौ, आत्या कू१-कु, काका षू१-षु, आणि वडिलांचा थोरला भाऊ पो२-पो. आपल्याकडे या खुंट्या आधीच ठोकलेल्या आहेत, फक्त शब्द टांगायचा. कागदी बाहुल्यांचं कुटुंब करा, दहा बाहुल्या पुरतात. दार वाजतं, कोण आलं? जी बाहुली आत येईल तिला हाक मारायची. हाक चुकली तर बाहुली मागे वळून जाते. आमच्या धाग्याचा नियमच आहे, नात्यावर आला की वाढतो :)

कोरा_कागद
स्वल्पविराम, एक हरकत. हल्ली बऱ्याच मराठी मुलांचा फ दात ओठावर टेकवून निघतो, इंग्रजी 'एफ'सारखा. मँडरिनमध्ये 'पी' आणि 'एफ' दोन्ही आहेत. फाओ३ (पळणं) म्हणताना दातांचा फ निघाला तर तो मँडरिनमधला शब्दच राहत नाही. तेव्हा 'मराठी मुलाला आपोआप येतं' हे त आणि थ, क आणि ख यांच्याबाबत खरं, फबद्दल तपासून घ्या. तपासायला पातळ कागदाची दोन बोटं रुंद पट्टी तोंडासमोर धरा. फाओ३ला पट्टी एकदम फडकली पाहिजे, पाओ१ला (पिशवी) जागची हलता कामा नये. दातांचा फ असेल तर पट्टी हळूहळू कलते. मुलांना ही पट्टी फार आवडते, दहा मिनिटं सहज जातात.

याच पट्टीने पुढची जोडी: थू४-त्स म्हणजे ससा, तू४-त्स म्हणजे पोट. टोन सारखा, फक्त थ आणि त वेगळे. ससा ऐकला की उडी, पोट ऐकलं की पोटावर हात. तशीच को३ कुत्रा आणि खो३ तोंड. (रोजच्या बोलण्यात तोंडाला दुसरा शब्द आहे, पण खो३चं अक्षर म्हणजे नुसता चौकोन, त्यामुळे अक्षर शिकवताना कामी येतो.)

भिंगरी
कागद, तुमच्या हरकतीला दाद. दंतोष्ठ्य फ मीही धरला नव्हता.

मूकवाचक
गाण्यांबद्दल कोणीच बोललं नाही?

गोगलगाय
गाणी शब्द आणि ताल यांसाठी उत्तम, टोनसाठी नाही. चाल टोनला गिळते. गाण्यात तिसऱ्या टोनचा शब्द वरच्या पट्टीत येऊ शकतो आणि मूल तो तसाच उचलतं. टोन पक्के करायला चाल नसलेली, नुसत्या ठेक्यावर म्हणायची बडबड घ्या. टाळी, मांडी, टाळी, मांडी. वेग बेताचा ठेवा, घाईत सगळे टोन सपाट होतात.

धडपड्या
आता माझा लाडका खेळ. चिनी मुलं अंगणात खेळतात तोच, 'म्हाताऱ्या लांडग्या, किती वाजले?'

एक जण लांडगा, पाठमोरा. बाकीचे बरीच पावलं मागे. सगळे मिळून विचारतात: लाओ३ लाङ२, लाओ३ लाङ२, ची३ त्येन३ ल? लांडगा सांगतो ई४ त्येन३ ल, म्हणजे एक वाजला. जितके वाजले तितकी पावलं पुढे. पुन्हा प्रश्न. शेवटी लांडगा ओरडतो थ्येन१ हेइ१ ल! (अंधार पडला) आणि वळून पकडायला धावतो.

यात दडलेला माल बघा. 'ची३ त्येन३' हे दोन तिसरे टोन शेजारी, म्हणजे गोगलगाय म्हणाल्या तो बदल तोंडात आपोआप बसतो, एका डावात दहा वेळा. दोन वाजले याला अर४ त्येन३ म्हणत नाहीत, ल्याङ३ त्येन३ म्हणतात. मोजताना दोन म्हणजे अर४, पण 'दोन नग' म्हणायचं तर ल्याङ३, ही भानगड न समजावता निकालात निघते.

कुठे फसतो: चार वर्षांची मुलं बारा वाजेपर्यंत दम धरत नाहीत. पाचलाच अंधार पाडा. आणि 'किती पावलं' यावर भांडण होतं, म्हणून जमिनीवर खडूने रेघा मारा, एका पावलाला एक रेघ.

पाटीवरची_रेघ
आकड्यांत चार आणि दहाची मारामारी ठरलेली. स्स४ आणि ष्ष२. दोन्हीत 'ई' नाही. 'सी' आणि 'शी' शिकवलंत तर कायमचं बिघडेल. चारला दात जुळवून स लांबवायचा आणि त्यातच घशाचा आवाज मिसळायचा, दहाला जीभ मागे वळवून तेच. बोटांच्या खुणा जोडा: चारला चार बोटं, दहाला दोन तर्जन्या एकमेकींवर फुलीसारख्या (काही भागांत मूठ). चिनी लोक सहा ते दहा एकाच हातावर दाखवतात, सहाला अंगठा आणि करंगळी, सातला तीन बोटांची टोकं जुळवलेली, आठला अंगठा आणि तर्जनी, नऊला तर्जनीचा आकडा. दहाच्या फुलीला तेवढा दुसरा हात लागतो.

उनाड_अनुस्वार
आठ म्हणजे बंदूक. त्यानंतर पाच मिनिटं वर्ग चालत नाही, आधीच सांगून ठेवतो.

पाटीवरची_रेघ
अगदी. आठ शेवटी शिकवा.
दहापर्यंत आलं की दोन फासे काढा, दोन रंगांचे. लाल दशक, निळा एकक. लाल ४, निळा ६: स्स४-ष्ष२-ल्यौ४, चार-दहा-सहा. मराठीत सेहेचाळीस आणि एकोणसाठला अडखळणारं मूल इथे दहा शब्दांत ९९ पर्यंत जातं. फाशांवर ६६ च्या पुढे जाता येत नाही एवढंच, पुढचे आकडे हवे तर चिठ्ठ्या करा.

कोरा_कागद
गणकशब्दांचं (वस्तू मोजताना आकड्यामागून येणाऱ्या शब्दांचं) काय? मोठ्यांनाही ते रडवतात.

भिंगरी
मराठीला ते परके नाहीत. 'चार जण', 'सहा नग', 'दोन जोड' आपण म्हणतोच. तीनच घ्या. जमिनीवर तीन रिंगणं: पन३ (पुस्तकं, वह्या), चाङ१ (सपाट पृष्ठ असलेलं), थ्याओ२ (लांब आणि लवचिक). पंधरा वस्तू किंवा चित्रं, प्रत्येकी पाच. मुलांनी वाटून ठेवायची आणि ठेवताना बोलायचं. कागद आणि टेबल एकाच रिंगणात का, हा प्रश्न येणारच. उत्तर देऊ नका, दोन्हींवर हात फिरवायला लावा. थ्याओ२च्या रिंगणात मासा, साप, पँट, रस्ता, नदी. पँट तिथे गेली की मुलं खदखदून हसतात आणि शब्द विसरत नाहीत.

मासेमारी याचीच पुढची पायरी. पुठ्ठ्याचे मासे, तोंडाला कागदाची क्लिप, काठीला दीड वीत दोरा आणि टोकाला चुंबक. दोरा लांब केला की गुंता होतो आणि अर्धं सत्र सोडवण्यात जातं. मासा वर आला की 'ई४ थ्याओ२ यू२'. इथला 'यू' म्हणजे तोंडात ई आणि ओठांवर ऊ. आधी ई म्हणत राहायचं, जीभ न हलवता ओठांचा चंबू करायचा. इथे एकचा टोन पहिला नाही, चौथा झालाय, तेही सांगत बसू नका. आणि 'माशाचं नाव नीट घेतलं तरच मासा आपला' हा नियम पहिल्या माशापासून लावा. नाहीतर ते मराठीतून मासे पकडत राहतात आणि मँडरिन राहतं किनाऱ्यावर.

मूकवाचक
वाचनखूण साठवली. अक्षरं कधी? सोपी (कमी रेघांची केलेली) की पारंपरिक?

उलटा_स्वल्पविराम
जिथलं शिकणार तिथली. चीन आणि सिंगापूर सोपी, तैवान पारंपरिक. तैवानमध्ये पिनयिनऐवजी ३७ चिन्हांची झूयिन ही उच्चार लिहायची पद्धत वापरतात, तिचा रोमनशी संबंधच नाही, त्यामुळे 'क्यू'चा घोळ तिथे मुळात होत नाही. पण पुस्तकं आणि पुढच्या परीक्षा बघता बहुतेकांना सोपीच सोयीची. मुलांसाठी वायसीटी ही चिनी भाषेची परीक्षा आहे, पहिल्या पातळीला ८० शब्द, दुसऱ्या पातळीला १५०. सत्राला चार-पाच नवे शब्द या वेगाने घाई करायचं काहीच कारण नाही.

पहिली अक्षरं चित्रांसारखी: तोंड, डोंगर, झाड. मु४ एक झाड, दोन झाडं शेजारी म्हणजे राई, तीन म्हणजे घनदाट रान. काड्या मांडून करता येतं.

धडपड्या
पेन्सिल नको. पाण्याने लिहायचं कापड मिळतं, ओला कुंचला फिरवला की काळी रेघ, वाळली की गायब. कुंचला बुडवून भांड्याच्या काठावर दोनदा निथळायचा, नाहीतर रेघा एकमेकींत पसरून डबकं होतं. कापड नसेल तर ताटात अर्धा सेंटिमीटर थर होईल इतकीच बारीक वाळू. जास्त झाली की कडा ढासळतात. क्रम सुरुवातीपासून: आडवी आधी, उभी नंतर, डावं आधी, उजवं नंतर, चौकोनाची तळाची रेघ सगळ्यात शेवटी. घरात माणसं गेल्याशिवाय दार लावायचं नाही, एवढं सांगितलं की मुलांना पटतं.

शंकासूर
भरभरून आलं, आभार. पण माझा पहिला प्रश्न थोडा बाजूला पडला. टोन शब्दांबरोबर येऊ द्यायचे हे कळलं. ते खरंच येतायत की मुलं अंदाजाने खेळतायत, हे ओळखायचं कसं?

गोगलगाय
एकच कसोटी. टोन न ऐकता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो मनोरंजनाचा खेळ, टोनचा नाही. चित्रांच्या जोड्या लावणं, रंग ओळखणं, सगळे याच पंक्तीत. खेळा जरूर, पण टोन झाले असं समजू नका.
तपासायला महिन्यातून एकदा पाच मिनिटं: पेइ१-त्स पेला, पेइ४-त्स पांघरूण. बाहुली, छोटा पेला, रुमालाचं पांघरूण. बाहुलीला काय हवंय ते पडद्यामागून सांगायचं, एकेका मुलाला दहा वेळा, फाशाने ठरवून. पाच-सहा बरोबर म्हणजे नुसता अंदाज, नऊ-दहा म्हणजे कान तयार. मुलं एकेकटी घ्या, घोळक्यात सगळी पहिल्याकडे बघून धावतात. अंदाज निघाला तर शब्द वाढवू नका, त्याच दोन वस्तू चार सत्रं फिरवा. आणि तुमचा स्वतःचा तिसरा टोन डळमळीत असेल तर चिनी माणसाने म्हटलेले शब्द ध्वनिमुद्रित करून वाजवा.

शंकासूर
हे नेमकं. शेवटचं एक: लांडग्याच्या खेळात पकडलेलं मूल बाद होऊन बसलं की रुसतं. सहाच मुलं, त्यातलं एक बसलं तरी खेळ सुना पडतो.

धडपड्या
बाद करायचंच नाही. पकडलेलं मूल लांडग्याच्या शेजारी पाठमोरं उभं राहतं आणि पुढची वेळ तेच सांगतं. थोड्या वेळात तीन-चार लांडगे होतात, ते आपसात कुजबुजून वेळ ठरवतात. कुजबुजीत घशाचा आवाज नसतो, टोन पुसट होतात. म्हणून कुजबुज बोटांनी करायला सांगा, वेळ मात्र मोठ्याने.

उनाड_अनुस्वार
फक्त आठ वाजवू नका.